इडलीपात्रातल्या स्प्रिंगा

बाबा, तुम्ही आईचं नवंकोरं इडलीपात्र गॅरेजात पळवलंत तेव्हा तिनं केवढं तोंडसुख घेतलं होतं, आठवतं ना? "मानसं इडल्या खातात. तुमी काय नटबोल्ट वाफवनार हाय?" आणि तुम्ही आपले मिशीत हसत पांढऱ्या गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडून एकेका खळग्यात एकेका व्हॉल्व्हचा संसार मांडत होतात. बाहेरची स्प्रिंग, तिच्या पोटातली बारकी स्प्रिंग, दोघींच्या डोक्यावर बसणारी रिटेनरची टोपी, आणि टोपी जागेवर धरणारी लॉकची जोडी. गाडीचं इंजिन तुम्ही दोन इंजिनांचे भाग जुळवून बांधलेलं, एक तिचं स्वतःचं आणि एक भंगारातलं. त्यामुळे अर्ध्या टोप्यांची आतली कड जराशी रुंद. दिसायला मात्र सगळ्या सख्ख्या बहिणी.

त्या फरकापायीच मी तुमची बोलणी खाल्ली होती. बारावी होऊन तुमच्या हाताखाली आलेली मी, एक टोपी स्प्रिंगेवर बसेना म्हणून वरून हातोडीनं हळूच ठोकली. तुम्ही हातोडी काढून घेतलीत. "अगं बये, भिंतीत खिळा मारतीस काय? बोटानं फिरव तिला. डुलली तर तिची नाय, अडली तरी तिची नाय." मी फुगून बसले. संध्याकाळी तुम्ही स्वतःचा माप घ्यायचा व्हर्नियर फडक्यानं पुसून माझ्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "हा आता तुझ्याकडं राहू दे. मला आकडे दिसत नाय नीट." दिसत होते तुम्हाला, चांगले दिसत होते. लाडानं काही द्यायचं तर आधी काहीतरी खोटं कारण शोधायचं, ही तुमची जुनी खोड.

नंतर तुम्हीच गेलात, आणि हेड तसंच उघडं राहिलं. कडावच्या रस्त्यावरचं आपलं गॅरेज मी चालवते, टेंपो येतात, मोटारसायकली तर ढिगानं. तुमच्या गाडीला मात्र इतकी वर्षं हात लावायचं धाडस झालं नाही. यंदा आईचे गुडघे फारच धरले. रिक्षात चढताना तिला रडू येतं. ती म्हणाली, "पोशीरला माझ्या ताईकडं एकदा जायचं हाय, पन त्यांच्याच गाडीतनं. त्यांनी काम निम्म्यावर आनलंय, तू नुसतं बसवायचं. त्यांच्या हातचं हाय ते, दुसऱ्याचं काय घालू नको गं."

मी पात्रावरचं फडकं काढलं आणि कपाळाला हात लावला. सगळं लखलखत होतं! दर खंडेनवमीला आई हत्यारांची पूजा करते हे मला ठाऊक होतं. पूजेआधी ती हे राखेनं घासते आणि गंजू नये म्हणून खोबरेल लावते, हे कुणाला ठाऊक! आणि घासून झाल्यावर तिनं मांडणीवर भांडी लावावीत तसं लावून ठेवलेलं. टोप्या टोप्यांत, मोठ्या स्प्रिंगा मोठ्यांत, बारक्या बारक्यांत. कुठली कुणाची, काही पत्ता नाही. राग असा आला की नळावर जाऊन उगाच हात धूत बसले. परत आले तर आई दारात उभी, "बघ, एक पन हरवू दिलं नाय," म्हणत. तोंडावर असं कौतुक, की माझा राग कुठल्या कुठं गेला.

मग तुमच्या रीतीनं बसले. प्रत्येक स्प्रिंगेवर प्रत्येक टोपी बोटानं फिरवून पाहिली. डुलणारी बाजूला, अडणारी बाजूला. जोड्या लागल्या हो सगळ्या, आणि तुमचाच हात धरून बसल्यासारखं वाटलं. पण नंतर एक नवी स्प्रिंग आणून तुमच्या एकेकीला तिच्यापुढं डोक्याला डोकं लावून व्हाइसच्या जबड्यात दाबलं, तर दर वेळी तुमचीच आधी दबायची. थकलेल्या होत्या सगळ्या. आणि हेडात बघते तर काहींच्या खाली, जोर यावा म्हणून, तुम्ही पातळ वॉशर सरकवून चालवून घेतलं होतंत, लबाड! जोरात पळवली की इंजिन फडफडायचं ते याचमुळे, आणि आम्हाला सांगायचात की तिचं वय झालं.

दोन दिवस नुसती बघत बसले त्या ढिगाकडे. तुमच्या स्प्रिंगा घातल्या तर आईचा शब्द राहतो, पण इंजिनाचं वाटोळं. शेवटी कल्याणहून पूर्ण संच आणला, टोप्यांसकट, कारण नव्या स्प्रिंगांवर तुमच्या टोप्या डुलत होत्या. लॉक तेवढे तुमचे बसले. प्रत्येक टोपी बोटानं फिरवून, उंची मोजून मगच लावली. हातोडी जवळसुद्धा ठेवली नव्हती.

काल आईला पुढच्या सीटवर बसवून पोशीरला नेलं. शेतं कापणीला आलीत. मोकळा रस्ता मिळाला तशी मी जरा पळवली, तर फडफड नाही, काही नाही. आईनं डोळे पुसले. म्हणाली, "त्यांचा हातच येगळा रं देवा. अजून चालतोय बघ." मी म्हटलं, "हो गं आई." तिला कधीच सांगणार नाही. हा कागदही गॅरेजातच राहील, स्टोव्ह पेटवायला होईल कधीतरी. पण तुमच्यापासून कसं लपवू? बाबा, ती माझ्या हातची चालतेय, आणि तुमच्यापेक्षा बरी चालतेय. हे ऐकून चिडायला तुम्ही हवे होतात.