ढवळीची कडी

मुरुड

प्रिय समीक्षा,

सप्रेम जयभीम. आधी एवढं वाचून घे की तुझी लेक ठणठणीत आहे. माया समोर बसून दातांनी शेंगा फोडतेय, निम्म्या स्वतःला, निम्म्या शेळीला. आता श्वास सोड आणि पुढचं वाच. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून तुझा भाऊ प्रीतम नांदेडला येतोय त्याच्याजवळ पत्र देते.

परवा सकाळी न्हाणीत कढत पाण्याची बादली ठेवून मी तेल आणायला वळले. वेणी घालायची म्हटलं की ही पळते, तशी पळाली ती थेट न्हाणीत, आणि आतून कडी लावून बसली. लावली खरी, काढता येईना. ती कडी किती आडमुठी आहे ते तुला ठाऊक आहे. एका हातानं दार दाबून धरावं तेव्हा दुसऱ्यानं सरकते. आणि आपल्या लेकराच्या डाव्या हातात तर जन्मापासून जोर नाही. आत निसरडी फरशी, ती बादली आणि तिचं रडणं. तुझे बाबा आणि शेजारच्या साखराबाई दाराला खांदा लावून ढकलत होते. मी ओरडत होते, एका हातानं दार धर, दुसऱ्यानं कडी ओढ. कुणाला काय सांगतेय याचं भानच नव्हतं मला.

मग रडणं थांबलं. तेवढ्यात आतून बारीक आवाज आला, "आजे, तुमी ढकलू नका की." आम्ही मागे सरलो. दाराच्या पत्र्यावर धप्प झालं, कडी करकरली आणि ही बाहेर. कपाळावर गंजाचा डाग. म्हणाली, "ढवळी आसंच करती." आपली शेळी गोठ्याची कडी अशीच काढते, कपाळानं दार रेटायचं आणि ओठांनी कडी सरकवायची. बाबा त्यावरून रोज तिला शिव्या घालायचे आणि माया शेजारी बसून बघायची. आम्ही दोन हातवाले तिला शिकवत बसलो आणि ती शिकली कुणाकडून, तर जिला एकही हात नाही तिच्याकडून. वर आमच्या ढकलण्यानंच कडी अडकत होती, हेही तिलाच कळलं. मी तिला पोटाशी धरून आधी रडले, मग हसत सुटले. ढवळीला त्या दिवशी अख्खी भाकरी मिळाली.

समीक्षा, आपल्याशिवाय हिचं कसं होईल म्हणून तू सोमवारी रेल्वे ऑफिसातली नोकरी सोडणार आहेस, हे प्रीतमनं मला सांगितलंय. मी तुला अडवलं नाही, कारण मलाही तीच धास्ती होती. तिचं साधं बटणसुद्धा मीच लावत होते. ती धास्ती परवा गेली गं. नोकरी सोडू नकोस. जूनमध्ये तिला तिकडे ने, चारचौघींसारखी शाळेत घाल, आणि ती काही करत असली की लगेच दाराला खांदा लावायला धावू नकोस. हे लिहिता लिहिता ती पुन्हा न्हाणीत शिरली, कडी लागल्याचा आवाज आला. बादली मी आधीच बाहेर काढून ठेवलीय. मी जागची उठलेली नाही.

तुझीच,
आई