मॉनिटरचा अळणी डबा

४ फेब्रुवारी

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मेहुण्यांचा खोकला गेला हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडची बातमी मात्र तितकीशी गोड नाही. तुझ्या वहिनीच्या पावलांवर सूज येते, हे मागे लिहिलं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, मीठ अगदी जपून. मी विचारलं, जपून म्हणजे किती? तर म्हणाल्या, हॅम, सलामी, सॉसेज ही नावंसुद्धा घरात नकोत. ठकू, ज्याने सारी उमर सँडविचच्या दुकानात हॅम कापण्यात घालवली, त्याला हे ऐकवायचं म्हणजे कवीला यमक बंद करायला सांगण्यासारखं आहे.

दुकान विकलं, तरी आमचं दुपारचं सँडविच सुटलं नव्हतं. तुला ती मागची खोली आठवते ना? गिऱ्हाईक ओसरलं की वहिनी गल्ल्यावरून उठायची, मी सुरी पुसून ठेवायचो, आणि रिकाम्या खोक्यांवर बसून एक सँडविच दोघं अर्धंअर्धं खायचो. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप तिच्या कानामागच्या बटेवर यायची. शाळेत पाठ केलेल्या साऱ्या कवितांमधलं ऊन मला तिथे बसून कळलं. घरी आल्यावरही तेवढा वेळ आमचा होता. आता काय करू?

पाकिटांतून शोध घेतला. पुढे ठसठशीत अक्षरांत ‘कमी मीठ’ लिहिलेलं टर्कीचं पाकीट आणलं. चष्मा लावून पाठ वाचली तर सोडियमचा आकडा वाचून माझाच दाब वाढला. मग हॅमचे काप पाण्यात भिजत घातले, पाणी बदललं, पुन्हा भिजवले. त्यांचा टीपकागद झाला. वहिनीने बराच वेळ चावून विचारलं, की हा तुमचा बनियन तर नाही ना?

हे सगळं मी सोसलं असतं. पण समोरच्या इमारतीत एक गृहस्थ राहायला आलेत. वहिनीचे शाळेतले वर्गमित्र, तेव्हाचे वर्गाचे मॉनिटर. अजून ती त्यांना मॉनिटरच म्हणते. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचे मुख्य होते, आता निवृत्त, एकटे. आजाराचं कळल्यावर गृहस्थ डबा घेऊन हजर! आत भाजून गार केलेल्या कोंबडीचे काप, लिंबू आणि मिरी लावलेले, मिठाचा कण नाही. वहिनीने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, वा! ठकू, या ‘वा’साठी मी लग्नानंतर किती झुरलो होतो ते तुला ठाऊक आहे.

आता डबा रोज येतो. डब्यामागून मॉनिटर येतात. वहिनी त्यांच्या शाळेतल्या नदीच्या कवितेची एक ओळ म्हणते, ते पुढची म्हणतात. मी मधे तोंड घालायला जातो, तर माझ्या शाळेचं पुस्तकच वेगळं! त्या दोघांची नदी वाहते आणि मी काठावर कोरडा.

तिला खाऊ घालणारा माणूस मी असलो पाहिजे. एवढंच माझं मागणं आहे. तुझ्याकडे मेहुण्यांचा रक्तदाब आहे, म्हणून तुला विचारतो. लोभ आहेच, तो मॉनिटरच्या डब्याकडे वळू देऊ नकोस.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं आणि मग इतकी हसले, की ह्यांनी स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही, दादा जळतोय. त्यावर ह्यांनी कळवायला सांगितलंय, की या वयात कोणाचा हेवा करता येणं हे तब्येत उत्तम असल्याचं लक्षण आहे.

वहिनीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. पाकिटांचा नाद सोड. कच्चं मांस आण आणि घरी भाज, म्हणजे आत काय गेलं ते आपल्याला ठाऊक. खाटकाला मात्र विचारून घे; काही ठिकाणी कोंबडी गुबगुबीत दिसावी म्हणून तिला मिठाचं पाणी टोचतात. ताजी, न टोचलेली माग. छातीचा भाग घे, लिंबू, लसूण आणि जाडसर कुटलेली मिरी चोळ, झाकण ठेवून मंद आचेवर भाज. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नकोस, नाहीतर काप होत नाहीत, भुगा होतो. आम्ही एकदा करतो आणि दोनतीन दिवस खातो. कंटाळा आला तर उकडलेलं अंडं, नाहीतर अळणी भाजलेला मासा कुस्करून पावात घालतो.

कापण्यात तुझा हात कोण धरणार? तिथे तुझे मॉनिटर गारद होतील. आणि त्यांच्यावर डोळे वटारत बसू नकोस. माणूस डबा आणतो, वरात आणत नाही.

वहिनीला नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस, पातळ काय ते कोंबडीचे काप कर.

तुझी,
ठकू


२ मार्च

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिंकलो! तुझ्या सांगण्याबरहुकूम ताजी कोंबडी आणली, भाजली, ओट्यावर गार होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो. कापलेली इतकी पातळ, की मागचं वर्तमानपत्र वाचता यावं. पण नुसतं मांस म्हणजे चालीवाचून कविता. म्हणून वर दुकानाची आपली मोहरीची चटणी लावली, बरणीतल्या खारवलेल्या काकडीच्या चकत्या ठेवल्या, पावाला लोणी. वहिनीने घास घेतला. मी समोर बसून पाहत होतो. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, वा! त्या दिवसापासून रोज माझंच खाते, कण टाकत नाही. मॉनिटरच्या डब्यातला एखादा तुकडा उगीच मान राखायला उचलते. मी दिवसभर घरात गुणगुणत असतो.

पण ठकू, काळीज कुरतडणारी गोष्ट पुढेच आहे. सूज पुन्हा चढलीय. चपलेचा पट्टा लागत नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर बसावं लागतं. डॉक्टरीणबाई रागावल्या, म्हणाल्या, मीठ कुठून तरी जातंय, शोधून काढा, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल.

माझ्याकडून तर जाणं शक्य नाही. कोंबडीला मी मिठाचं बोटसुद्धा लावत नाही. मग राहिलं कोण? माझ्या सँडविचपुढे डबा फिका पडायला लागला, तसा या गृहस्थांनी गुपचूप हात सैल केला असणार. परवा तोंडावर विचारलं. त्यांनी डबा उचलला, टोपी घातली आणि गेले. निर्दोष माणूस असा मुकाट्याने जातो का? वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलते. त्यांच्यासाठी! हे मला जास्त झोंबतंय.

तू तरी माझ्या बाजूची राहा. सूज सोडून बाकी सगळं वाढू दे, लोभसुद्धा.

तुझा,
दादा


६ मार्च

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

हे दुपारी खाटकाकडे गेलेत, तेवढ्यात लिहिते. ह्यांचं पत्र तुम्हाला आलंच असेल. त्यातलं मॉनिटरबद्दलचं खरं मानू नका.

मीठ ह्यांच्याच सँडविचमधे आहे. पहिल्या घासालाच कळलं मला. चटणी दुकानातलीच, काकडी मिठातली, लोणीही खारं. ह्यांची जीभ इतकी वर्षं हॅम चाखून चाखून मुरलीय, ह्यांना ते खारट लागतच नाही. तुम्ही म्हणाल, मग बोललीस का नाही? वन्सं, तुम्ही तो चेहरा पाहिला नाहीत. उत्तरपत्रिका हातात देऊन मुलगा बाईंसमोर उभा राहतो ना, तसे बसले होते. माझ्या तोंडून ‘वा’ गेलं. एकदा गेलं, मग रोजच म्हणावं लागलं. वाटलं, थोड्याने काय होतंय.

होतंय. काल जिन्यात बसले तेव्हा पुन्हा उठता येईल की नाही, अशी भीती वाटली. आणि त्यात त्या माणसावर आळ आला. खरं सांगू? शाळेत तो मला मुळीच आवडायचा नाही. बोलते म्हणून फळ्यावर माझं नाव लिहायचा. कविता चांगली म्हणायचा, कोंबडी चांगली करतो, एवढंच. हे उगीच जळतात. पण ह्या वयातही हे जळतात, ह्याचं मला थोडं बरं वाटत होतं, तेही तुमच्यापाशी कबूल करते.

तुम्ही ह्यांना काहीतरी लिहा. माझं नाव मात्र येऊ देऊ नका. त्या ‘वा’ खोट्या होत्या हे ह्यांना कळलं तर माझ्या सुजेपेक्षा ते जड होईल. माया आहेच तुमची, तीच आत्ता कामाला येऊ दे.

तुमची,
वहिनी


१० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यावेळी थट्टा नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. मांस अळणी केलंस आणि अख्खं दुकान त्याच्यावर ओतलंस! त्या चटणीत शेवटी मूठ भरून काय पडायचं, आठव. काकडी बरणीत कशात बुडालेली असते? लोणी कुठलं आणलंस? मी तुला मांसाचं लिहिलं आणि वरच्या गोष्टींचं लिहिलं नाही, तेवढी चूक माझी. बाकीची तुझ्या जिभेची. ती जीभ दुकानात राबली, दादा, तिला आता मीठ कळत नाही.

आज सँडविच करू नकोस. हातातली सुरी ठेव आणि मॉनिटरांकडे जा. माफी माग आणि चाखायला त्यांची जीभ उसनी घे. अपमान वाटेल. वाटू दे. वहिनी जिन्यात बसते, यापुढे तुझ्यामाझ्या मानापमानाला काय किंमत?

रागावलेय, पण तुझीच आहे हे विसरू नकोस.

ठकू


८ एप्रिल

चि. सौ. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी मुद्द्याचं. सूज उतरली. काल वहिनी जिना न बसता चढली, वरच्या पायरीवर थांबून मलाच म्हणाली, या लवकर, म्हातारे झालात.

तुझं पत्र आलं तेव्हा चटणीची बरणी घेऊन खिडकीशी बराच वेळ उभा होतो. बोट घालून चाखलं. खारट लागेना. तेव्हा मात्र घाबरलो. तसाच बरणी घेऊन मॉनिटरांकडे गेलो. एका माणसाची खोली ती, एक खुर्ची, एक ताट. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी आधी बरणी मागितली. चमचाभर चाखली, उठून चूळ भरून आले आणि विचारलं, की ही घोडा मुरवायला केली होती का? मग आम्ही दोघंही हसलो. माफी राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी जाऊन मागितली.

त्यांनी सांगितलं, जीभ उठवायची असेल तर तुम्हीही मीठ सोडा. सोडलं. सुरुवातीला सगळं जग कागदासारखं लागलं. मग एके दिवशी टोमॅटोची फोड खाल्ली आणि ठकू, ती गोड लागली! लहानपणानंतर पहिल्यांदा. आता मोहरी व्हिनेगरमधे वाटतो, थोडा मध घालतो. काकडी ताजी, लिंबू पिळून. लोणी अळणी. पाववाला सांगितल्यावर बिनमिठाचा पाव करून देतो. मॉनिटर पुन्हा डबा घेऊन येतात, माझं चाखतात आणि मास्तरांसारखा शेरा देतात. काल ‘ठीक’ मिळाला.

वहिनीला सगळं सांगून टाकलं, की मीठ माझ्याच चटणीत होतं. ती दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाली, अगंबाई, हो का? बिचारीला काही कळलंच नव्हतं. तूही तिला यावरून काही लिहू नकोस.

पण मनातलं तुझ्यापासून काय लपवू? खारट होतं तेव्हा कण टाकत नव्हती, रोज ‘वा’ म्हणायची. आज दुपारी अर्धं सँडविच ताटात तसंच ठेवलं आणि स्पष्ट म्हणाली, फिक्कं आहे हो, घशाखाली उतरत नाही. वर मॉनिटरच्या डब्यातला तुकडा उचलला, आणि पुन्हा दोघांची नदी सुरू झाली. मी कपाटाकडे पाहिलं. कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेली मिठाची बरणी हाताच्या अंतरावर होती. एक चिमूट, आणि ती ‘वा’ पुन्हा माझी झाली असती.

उठलो नाही. तिचं उरलेलं अर्धं सँडविच ओढून घेतलं आणि त्यांची कविता संपेपर्यंत खात बसलो. फिक्कंच होतं.

लोभ कमी करायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही, तेव्हा तो भरपूर ठेव.

तुझा,
दादा