खालची ओळ

मिलवॉकी, ३ मार्च १९८६

प्रिय ऑर्विलदादास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या वाद्यवृंदातले पहिले बासूनवाले लोवेल निवृत्त होताहेत. एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी दुसरं बासून, ते लांबलचक लाकडी नळकांडं, फुंकलं. लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात; त्यांचा सूर कुणाच्या सुरावर उभा आहे, याची चौकशी कुणी केलेली नाही.

त्या जागेसाठी मी अर्ज केलाय. परीक्षा पडद्याआड. नाव नाही, नुसता क्रमांक; बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मी बूटसुद्धा काढणार आहे, बाईची चाल बुटांच्या आवाजावरून कळते. सत्तेचाळिसाव्या वर्षी ही शेवटचीच संधी. वाद्याच्या तोंडाशी बसवायच्या बोरूच्या पाती रोज तासतेय. बावीसपैकी दोन फुंकण्याजोग्या निघाल्या. माणसांतही प्रमाण एवढंच असावं.

वहिनीला नमस्कार, तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
आर्लिस

फार्गो, ९ मार्च

चि. आर्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

ते बासूनचं धुराडं तू पहिल्यांदा घरी आणलंस तेव्हा बाबा म्हणाले होते, निदान थंडीत तरी उपयोगी पडेल. पण सकाळच्या कॉफीला मी सगळ्यांना सांगून बसलोय, की माझी बहीण पहिली होणार. हरलीस तर मला कॉफीचं हॉटेल बदलावं लागेल, आणि गावात दुसरं बरं हॉटेल नाही. जेवत जा. तुझी वहिनी बर्निस लेफ्सा पाठवतेय, आईच्या हातच्या असायच्या तशा बटाट्याच्या पोळ्या.

तुझा दादा,
ऑर्विल

मिलवॉकी, २२ मार्च

प्रिय दादास,
शि. सा. न. वि. वि.

घोटाळा केला रे. वाजवायला दिलेल्या एका संगीताच्या तुकड्यात दोन बासुनं आहेत. कागदावर वर पहिल्याची ओळ, खाली दुसऱ्याची. परीक्षा पहिल्या जागेची, आणि मी अख्खी खालची ओळ वाजवून मोकळी झाले. शेवटच्या सुराला कळलं. बोलायची बंदी, म्हणून माफीही मागता येईना. मी वाद्य पुसायला घेतलं.

तेवढ्यात पलीकडून निरोप आला: क्रमांक अकराने, म्हणजे मी, आता वरची ओळ वाजवावी. वाजवली.

संध्याकाळी पडदा सरकवला तेव्हा मी मोज्यांवर उभी. परीक्षक नऊ, सगळे माझ्याच वाद्यवृंदातले; एकानेही ओळखलं नव्हतं. प्रमुख म्हणाले, आम्हाला वाटलं बाहेरगावचा कुणी धीट गडी आहे, दोन्ही ओळी येतात हे मुद्दाम दाखवतोय. जागा मला मिळाली, दादा. चूक होती हे मी सांगितलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस.

आठवण ठेव.

तुझी,
आर्लिस

फार्गो, २७ मार्च

चि. आर्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, तुझं पत्र मी कॉफीला सर्वांसमोर वाचून टाकलं होतं, शेवटच्या ओळीपर्यंत. रागावू नकोस, कुणीही तुला हसलं नाही. सगळ्यांना म्हटलं, पहिली जागा काय, कुणालाही मिळेल; अशी चूक करायला एकोणीस वर्षं लागतात.

आमचा अभिमान आता तुझ्या हवाली.

तुझा दादा,
ऑर्विल