एक तरी उघडा ठेवा

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडव्याचा मुहूर्त साधून आज वेम्बलीच्या घरात राहायला आलो. अखेर! दोन वर्षं त्या फ्लॅटमध्ये वरच्या बिऱ्हाडाची धपधप ऐकून माझं डोकं उठलं होतं. आता डोक्यावर फक्त छप्पर आणि मागे हातभर का होईना, बाग. प्रणव कुरकुरतोय, कारण दर सोमवारी त्याला ऑफिससाठी मँचेस्टर गाठायचं असतं आणि गुरुवारी परत यायचं. कुरकुरू दे. दिवसभर घरात मी राहणार आहे, तो नाही.

वर तीन खोल्या आहेत. एक आमची, एक ईशानीची आणि तिच्या भिंतीला लागून बॉक्सरूम. बॉक्सरूम म्हणजे इथल्या लोकांनी कपाटाला दिलेलं भारदस्त नाव. ईशानी पाच वर्षांची आहे. तिने आल्या आल्या जिन्यावरून बसून घसरत यायचा उद्योग सुरू केला आणि खाली पोचल्यावर दर वेळी टाळ्या मागितल्या. संध्याकाळी ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या चकल्या खाल्ल्या. एक गंमत झाली. बॉक्सरूममध्ये ठेवलेल्या सामानातून खोबरेल तेलाची बाटली काढली, तर तेल चक्क पातळ! या देशात आल्यापासून मी खोबरेल गोठलेलंच पाहिलं आहे, चमच्याने खरवडून घ्यायचं. त्या रिकाम्या खोलीतला रेडिएटर कढत असतो आणि आम्ही माणसं हॉलमध्ये स्वेटर घालून बसतो. हे काही बरोबर नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

हीटिंगचा छडा लावला. बॉयलर नवा, पण रेडिएटरचे व्हॉल्व्ह बाबा आदमच्या काळातले, फिरवले तर सगळं चालू, नाही तर सगळं बंद. प्रत्येक खोलीला हवी तेवढीच ऊब द्यायची, तर प्रत्येक रेडिएटरला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हवा. साधी वस्तू आहे. वरच्या डोक्यात मेण असतं. खोली तापली की मेण फुगतं, खालची पिन दाबतं आणि पाणी बंद होतं. खोली गार पडली की मेण आकसतं आणि पाणी पुन्हा सुरू. वीज नको की ॲप नको. भोसरीच्या कारखान्यात मी आठ वर्षं व्हॉल्व्ह तपासले आहेत. इथे त्या अनुभवाला नोकरीसाठी कुत्रं विचारत नाही, ते सोडा, पण हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ.

घरमालक जेरेमीला फोन केला. सत्तरीचा माणूस, याच घरात जन्मलेला, आता दोन गल्ल्या सोडून राहतो. खुशाल बदला म्हणाला, फक्त बॉक्सरूमच्या रेडिएटरला हात लावू नका. कारण विचारलं, तर म्हणाला की एक तरी रेडिएटर कायम उघडा ठेवावाच लागतो, नाहीतर पंपाच्या पाण्याला जायला वाट उरत नाही. हा नियम मला माहीत आहे, पण जुना आहे. आता बॉयलरच्या पोटातच पाण्याला फिरायला वेगळी वाट असते. तसं सांगितलं, तर म्हणाला की त्याच्या आईने तो उन्हाळ्यातसुद्धा बंद होऊ दिला नव्हता. मी हो हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

९ नोव्हेंबर, शनिवार

काम फत्ते! सकाळी बॉयलर बंद केला, बागेत पाइप सोडून सगळं पाणी काढलं. शाईसारखं काळं पाणी. प्रणवचं काम बादली धरायची आणि शेरे मारायचे. दोन्ही त्याने मन लावून केलं. एका पान्याने पाइप धरायचा, दुसऱ्याने जुना व्हॉल्व्ह सोडवायचा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची, नवा बसवायचा. दुपारपर्यंत बॉक्सरूम सोडून सगळे झाले आणि पाकिटात एक उरला.

बॉक्सरूममधला जुना व्हॉल्व्ह पाहून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची मूठ काढून टाकलेली आणि आतली दांडी कानशीने घासून गुळगुळीत केलेली, म्हणजे कोणाला बंदच करता येऊ नये. असली कारागिरी मी कारखान्यात कोणाच्या हाताखालून जाऊ दिली नसती. तो काढला, उरलेला नवा बसवला आणि आकड्यांच्या खालच्या बर्फाच्या चांदणीवर नेऊन ठेवला, म्हणजे जवळजवळ बंद. प्रणवने जेरेमीची आठवण करून दिली. मी म्हटलं, त्याला सांगायला कोण जातंय? उद्या प्रणव जुने व्हॉल्व्ह कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोत, टाकून येईल. बॉक्सरूममध्ये आता कांदे-बटाटे मस्त टिकतील.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ईशानीच्या खोलीचा रेडिएटर गार. व्हॉल्व्ह पाचवर, म्हणजे पूर्ण उघडा, तरी गार. खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघते. हवा काढून पाहिली, पाण्याचा दाब पाहिला, सगळं ठीक आहे. शेवटी व्हॉल्व्हच्या डोक्यावर हात ठेवला, तर ते कोमट. एखाद्या खुर्चीवरून माणूस नुकताच उठून जावा आणि आपण बसावं, तसं कोमट. साहजिकच मेण फुगणार आणि पाणी बंद होणार. पण गारठलेल्या खोलीत ते डोकं तापलं कशाने? पडदा त्याच्यावर येत नाही, ऊन तर या देशात येतच नाही. आमच्या खोलीतलं डोकं काढून तिथे बसवलं. ते घट्ट करतानाच माझ्या बोटांखाली तापायला लागलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

डोकी बदलून उपयोग नाही. ईशानीला आमच्या खोलीत झोपवलं, तर आता आमचा रेडिएटर गार आणि तिच्या खोलीतला गरम. ती जिथे जाते तिथला बंद होतो.

तिचे हात बर्फासारखे लागतात. थंडी वाजते का विचारलं तर नाही म्हणते. तिला नाही, बॉक्सरूममधल्याला वाजते, असं म्हणाली. तो भिंतीपलीकडे कुडकुडतो, म्हणून तिने त्याला आपल्या पांघरुणात घेतलं. तिथे फक्त कांदे-बटाटे आहेत, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही.

प्रणव आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्याने मला जेवता जेवता ऐकवलं. दिवसभर घरात बसून माझं डोकं फिरलंय, असंही. मी ताट उचलून निघून गेले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी ईशानीला न्हाऊ घालायचं म्हणून डोक्याला तेल लावलं. बाटलीतून खरवडून गोळा घेतला. माझ्या तळव्यावर तो वितळला. तिच्या टाळूवर ओतला आणि चोळायला गेले, तर बोटांना खडे लागले. तेल तिच्या केसांत पांढरं होऊन बसलं होतं. मी चोळत राहिले आणि ते गोठतच राहिलं. प्रणव दारात उभा होता. पुढे येऊन त्यानेही बोट लावून पाहिलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

जीपीकडे, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. सर्दीचे दिवस आहेत, भरपूर पाणी द्या, म्हणाले. थर्मामीटर दोनदा लावला आणि मशीन बिघडलं म्हणून बाजूला ठेवून दिलं. तिथून घरी येईपर्यंत ईशानीचे ओठ निळे. प्रणव तरीही मँचेस्टरला गेला. मीटिंग आहे म्हणे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बॉक्सरूमचा व्हॉल्व्ह उघडायला गेले. चांदणीवरून पाचवर नेला. काही नाही. डोकंच काढून टाकलं. आता पिनने आपोआप वर यायला हवं, पाणी वाहायला हवं. पिन आत रुतलेली. पक्कड लावून ओढली, आली वर. पक्कड सोडली.

पिन हळूहळू खाली गेली. वर डोकं नाही, मेण नाही, काहीही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा गेली. कोणीतरी बोट ठेवून दाबत होतं. आठ वर्षांत हजारो पिना मी या हाताने तपासल्या आहेत, मला कळतं दाब कसा असतो तो. तो घाईत नव्हता.

कांदे फुटले होते. आतपर्यंत बर्फ.

२० नोव्हेंबर, बुधवार

जेरेमीला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत त्याने विचारलं, बंद केलात का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, त्या खोलीत जे आहे त्याला ऊब लागते. पाण्याची मिळाली नाही तर ते अंगाची घेतं, आणि लहान अंगाची आधी. एका हिवाळ्यात त्याच्या आईनेही बंद केला होता. त्याला एक धाकटी बहीण होती, सारा.

होती, म्हणाला.

मी ओरडले की हे आधी सांगायला काय झालं होतं. तो म्हणाला, सांगितलं होतं की, हात लावू नका म्हणून. आणि फोन ठेवला. आता उचलत नाही. मेल्याला दोन गल्ल्यांवर झोप तरी कशी लागते!

२१ नोव्हेंबर, गुरुवार

व्हॉल्व्हच कापून काढला. दोन्ही पाइप सरळ रेडिएटरला जोडले. आता बंद करायला काही उरलंच नाही. रेडिएटर कढत झाला, हात टेकवेना. वाटलं सुटलो.

ईशानी तशीच. त्याला आता पाण्याची ऊब नको आहे. चव लागली आहे—

टॅक्सी बोलावली, हॉस्पिटलला. गल्लीचं वळण ओलांडलं आणि तिचा श्वास थांबला. थांबला. ड्रायव्हर घाबरून मागे फिरला. गेटाशी आल्यावर तिने डोळे उघडले. ॲम्ब्युलन्स आली, तिच्यातही तेच, वळणाशी— ते लोकच मला म्हणाले, मागे घ्या, मागे घ्या. पोरीला बांधून ठेवलंय त्याने.

प्रणव आला. तिला हातात घेतलं आणि रडायला लागला. त्याच्यावर ओरडायचंही बळ नाही मला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बॉक्सरूममध्ये गेले. शिव्या घातल्या. येतील तेवढ्या सगळ्या, मराठीत. भिंतीला पाठ लावून बसले आणि म्हटलं, घ्यायचं तर माझं घे ना रे, लेकरू काय खातोस!

पाठीला गारठा टेकला. खांद्यापर्यंत चढला. बोटं वाकेनात.

आणि भिंतीपलीकडून ईशानीचा आवाज आला. बाबाकडे चिवडा मागत होती. किती दिवसांनी भूक—

दचकून उठले. उठल्याबरोबर पलीकडे ती गप्प झाली.

पुन्हा बसले. पुन्हा बोलली.

समजलं मला. जेरेमीच्या आईला समजलं नव्हतं का? की समजलं होतं, आणि ती उठली?

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी प्रणवला सगळं सांगितलं. नाही नाही म्हणत होता. मग मी ईशानीच्या केसांत तेल घातलं. मी बॉक्सरूममध्ये आले आणि तो मला भिंतीपलीकडून सांगत राहिला. वितळतंय, ऋजुता, वितळतंय. कानामागून ओघळलं म्हणाला.

माझ्या तळव्यावर गोळा आहे. पांढराच. खड्यांसारखा.

प्रणवला बजावलंय, मी हाक मारली तरी दार उघडायचं नाही. तिला इकडे येऊ द्यायचं नाही. मी इथे आहे तोवर ती बाहेर जाऊ शकेल. दोघं वळणापर्यंत जातील, मग वळणाच्या पुढे, मग लांब. खिडकीतून गेट दिसतं. ती दोघं गेलेली दिसली की मग मी काहीही—

एक तरी उघडा ठेवावा लागतो. मी आहे उघडी. ये.

पेन धरवत नाही. दोन्ही हातांनी धरलंय.

ते आता भिंतीत नाही. मांडीवर आहे. जड आहे, आणि कुडकुडायचं थांबलंय.

खाली बुटांचा आवाज. प्रणव तिला कोट घालतोय. लवकर. लवकर जा रे.

जिना— कोणीतरी जिन्यावरून चढतंय. हलकी पावलं. प्रणव खालून ओरडतोय, ईशू थांब, ईशू—

तिच्या हातात माझा स्वेटर असणार. आईला गार वाटत असेल म्हणून. असंच करते ती. सगळ्यांना पांघरूण—

मांडीवरचं वळलं. दाराकडे.

नको ईशू. दार उघडू न