झाडूची तालीम

सोमवार, ३ मार्च

डिस्क भरली, म्हणे! दोन वर्षं भरतेच आहे, साहेबांना आज दिसलं. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "एवढे जुने स्नॅपशॉट कशाला? लोणचं घालायचंय का त्यांचं?"

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कचा त्या दिवसाचा फोटो. काही बिघडलं की जुन्या फोटोवरून परत उभं करता येतं. रोज एक निघतो, पुसत कोणीच नाही. आमची अख्खी संशोधन संस्था अशीच — टाकवत काही नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "आधी आपला माळा आवर." गप्प बसवलं.

बुधवार, ५ मार्च

पुसायचं अवजार, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहून झालं. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘झाडू’ टाइप करायचं, एंटर मारायचं, तीन महिन्यांहून जुने स्नॅपशॉट साफ. शेजारच्या टेबलावरचा शंकासुर लगेच — "आणि चुकून मारला एंटर तर?" याला जन्मतःच शंका आली असणार! पण मुद्दा बरोबर होता, हाच वैताग. म्हणून आता नुसतं ‘झाडू’ म्हटलं तर तालीम होते — काय-काय पुसलं जाईल त्याची यादी येते, बस. ‘खरं’ हा शब्द जोडला तरच पुसतो. ही अक्कल माझी, असं सगळ्यांना सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च

सर्वांना मेल: ज्याला जो स्नॅपशॉट हवा त्याने त्यावर ‘ठेवा’ अशी खूण करावी. एकाचंही उत्तर नाही.

सोमवार, १० मार्च

सगळ्यांनी सगळ्यांवर ‘ठेवा’! कँटीनच्या जुन्या दरपत्रकावरसुद्धा. साहेब कडाडले, "खुणाबिणा काही बघायच्या नाहीत. कुणाचे लाड नकोत." काढून टाकली ती सोय.

वटवाघूळबाई मात्र स्वतः खाली आल्या. आयुष्यभर वटवाघळांचे आवाज टिपतायत. न विचारता माझ्या कानांवर हेडफोन चढवला. हजारोंच्या कलकलाटात एक आई हाका मारते. मग बारीकसं उत्तर येतं — पिल्लाचं! "ती गुहा आता बुजवलीय," बाई म्हणाल्या. "हे पुन्हा मिळायचं नाही गं." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "बाई, जुने फोटो गेले तरी मूळ आवाज डिस्कवर आहेतच की. ते कुठे जातायत!"

शुक्रवार, १४ मार्च

झाडू आता रोज सकाळी आपोआप चालतो. लांबलचक यादी येते. साहेबांनी ती वरच्या कार्यालयात पाठवली, ‘मोहीम फत्ते’ असं लिहून. मला पुष्पगुच्छ. साहेबांचं भाषण. शंकासुराला काही नाही — बरं झालं.

मंगळवार, १८ मार्च

वटवाघूळबाईंच्या गुहेच्या फायली रिकाम्या निघाल्या. नोव्हेंबरात कुणीतरी त्यांच्यावर रिकाम्या फायली चढवल्या होत्या; बाईंना उघडायची वेळ आज आली. मोठ्या शांतपणे म्हणाल्या, "नोव्हेंबरातला एखादा फोटो असेलच ना तुझ्याकडे?"

"बघते" म्हणाले. काय बघणार, कपाळ! मीच तर झाडले.

बुधवार, १९ मार्च

आहेत! सगळेच्या सगळे आहेत! वेळापत्रकात मी नुसतंच ‘झाडू’ लिहिलं होतं, ‘खरं’ जोडायलाच विसरले. म्हणजे आठवडाभर रोज तालीमच चालली आणि पुष्पगुच्छ मिळाला प्रयोगाचा. डिस्क किती रिकामी झाली ते कोणी बघितलंच नाही — साहेबांनी नाही, मीही नाही. धन्य आम्ही!

नोव्हेंबरातला एक फोटो शोधून बाईंच्या फायली परत ठेवल्या आणि तक्रार बंद केली. शंकासुर — "बाईंनी वाजवून बघितलं का?" अरे बाबा, फाईल पोचली की तक्रार बंद, ही इथली पद्धत. वाजवतील सावकाश!

इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

वरच्या कार्यालयाची माणसं उद्या येणार. रिकामी डिस्क बघायला! साहेब नवा शर्ट घेणार आहेत.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी ऑफिसात आल्याआल्या मी ‘खरं’ जोडून एंटर मारला. चहा संपेपर्यंत डिस्क लख्ख. पाहुणे खूश, साहेबांचा शर्ट पिवळा. शंकासुराने तोंड उघडलं तेवढ्यात मी हात जोडले — आज नको रे!

सोमवार, २४ मार्च

वटवाघूळबाई आल्या. गळ्यात हेडफोन. "अगं, तू दिलेल्या फायली अर्ध्याच आहेत. तो फोटो निघाला त्या दिवशी निम्म्या आधीच गेल्या असणार. आई हाका मारतेय, पण पिल्लाचं उत्तर नाही त्यात. याच्या आदल्या दिवसाचा फोटो दे ना."

मी "बघते" म्हणाले.