वेलचीचा वास

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली

मैदानावर आज पोरांनी सत्कार केला. "सर, तुमचा डावा पाय लोक अजून विसरले नाहीत!" वर मसाला दूध. ग्लासभर प्यायलो आणि रिक्षात बसल्यावर धस्स झालं. वेलची! गोल मारून, फोटो काढून, दारू ढोसून घरी यायचो तेव्हा वास लपवायला वेलचीच तर चघळायचो. माझ्या आठवणींच्या पुस्तकात मीच हे लिहिलंय, आणि सुनंदानं, माझ्या बायकोनं, परवाच वाचलंय. दारू सोडून वर्षं झाली, तरी बेल वाजवण्याआधी दोनदा तोंड पुसलं. का प्यायलो मी ते दूध?

सुनंदानं दार उघडलं. मीच तिच्या तोंडासमोर 'हा' केलं. "अगं, मसाला दूध होतं."

"वेलचीचाच वास येतोय," ती म्हणाली.

तेव्हाही हेच म्हणायची. पण तेव्हा तिचा विश्वास असायचा.