सिरिलच्या पाटीला लिंबू लावल्याची हकिकत

शेफील्ड, मंगळवार

प्रिय नणंदबाई मिल्ड्रेड,

आदराचा आणि प्रेमाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (डाव्याबद्दल विचारते आहे, उजव्याबद्दल मागच्या पत्रात दोन पानं होती.) मी ठीक आहे. येत्या अठरा तारखेला सिरिलला जाऊन तीन वर्षं होतील. सकाळी अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते. बाकी काही तक्रार नाही.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या ब्रिडलिंग्टनच्या समुद्रकाठच्या बाकावर त्याच्या नावाची जी पाटी आहे तिच्यावर तांबूस डाग पडलेत, नगरपालिकेचे ऑलरनशॉसाहेब महिनाअखेर ती उपटून पितळेची लावणार आहेत, आणि तुझं म्हणणं की लावू दे, पितळ काय वाईट दिसतं? मिल्ड्रेड, त्या पाटीचा पत्रा म्हणजे कारखान्यात सिरिलच्या हाताखालून गेलेला शेवटचा पत्रा. घराच्या दारावर पाटी करायची म्हणून आणला आणि आठ वर्षं पलंगाखाली ठेवला. शेवटी पाटी झाली, दार राहून गेलं. एकतीस वर्षं जो माणूस स्टेनलेस पोलाद धूत उभा होता त्याच्याच नावाला गंज लागला, हे मी ब्रिडलिंग्टनभर होऊ देणार नव्हते.

तो काय काम करतो हे मला तो असेपर्यंत नीट कळलं नाही, ही माझी चूक. अंगाला आम्लाचा वास घेऊन घरी यायचा. आज काय केलं म्हणून विचारलं की म्हणायचा, ‘धुतलं.’ मला वाटायचं, धुणं तर मीही करते, त्यात एवढं दमायचं काय? तो गेल्यावर ग्रंथालयात जाऊन त्या विषयाचं अख्खं फडताळ वाचून काढलं (वरचा कप्पा सोडून, तिथे हात पोचत नाही). लोकांना वाटतं स्टेनलेस गंजत नाही. अगं, ते इतक्या चटकन आणि इतक्या नीट गंजतं की पुढे गंजायचंच राहून जातं! पोलादात मिसळलेलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरतं आणि अंगावर एक पापुद्रा ओढून घेतं. असे तीस हजार पापुद्रे एकावर एक रचले तर कुठे आपल्या एका केसाची जाडी भरेल. दिसत नाही, हाताला लागत नाही. त्याच्यावर ओरखडा काढलास, तर हवा लागताच तो आपला आपण भरून येतो, कुणी बघत नसताना. हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात मोठ्याने ‘शाब्बास!’ म्हणाले. बाजूचा म्हातारा दचकून जागा झाला आणि ‘आभारी आहे’ म्हणाला.

पण साध्या लोखंडाचे कण त्या अंगात रुतले, तर तिथे पापुद्रा नीट धरत नाही. कण गंजतात आणि बदनामी पोलादाची होते. सिरिल आम्लाने धुवायचा ते हेच: यंत्रांचं, हत्यारांचं, परक्या लोखंडाचं पीठ. तेव्हा तुझं पत्र वाचताक्षणी मी ओळखलं. कुणीतरी पाटी भांडी घासायच्या लोखंडी तारेच्या गुंड्याने घासली. आता आपल्या घराण्यात तारेचा गुंडा कोण चालवतं? तुझ्या ओव्हनच्या ताटांतून पलीकडचं दिसतं, मिल्ड्रेड. सिरिल म्हणायचा, ‘आमच्या मिलीच्या हाती चर्चची घंटा दिली, तर वर्षभरात चहाच्या चमच्याएवढी होईल.’ फोनवर तू म्हणालीस, ‘मी हात लावला असेल तर हात झडो!’ मी मनात म्हटलं, गुडघे गेलेच आहेत, आता हातही.

शनिवारी बसने आले. (तुझ्याकडे उतरले नाही, कारण मी रागावले होते.) पिशवीत सहा लिंबं, नायलॉनचा ब्रश आणि नळाचं पाणी दोन बाटल्या. बाकावर एक जोडपं तळलेला मासा आणि बटाटे खात बसलेलं. मी म्हटलं, ‘बाई, जरा सरकता का? मला नवऱ्याला लिंबू लावायचंय.’ ती बाई ताडकन उठली. ‘हॅरल्ड, ऊठ. काही विचारू नकोस.’ हॅरल्ड उठला, पण मासा पुढे करून म्हणाला, ‘एक फोड इकडेही पिळा की.’ पिळली.

लिंबू चोळून अर्धा तास थांबायचं होतं. तेवढ्यात ऑलरनशॉसाहेब आले.

‘मावशी, सरकारी बाकावर काय चाललंय हे?’

‘बाक सरकारी, पाटी माझी.’

‘ती गंजलीय.’

‘तिच्यावर दुसऱ्याचा गंज बसलाय. तुमच्या कोटावर पक्षी शिटला तर तुम्ही पक्षी होता का?’

त्यांनी आधी आपला कोट पाहिला, मग बसले. मी त्यांना पापुद्रा समजावला, अर्धा तास पुरला नाही. मग पाणी ओतलं. तांबूस रंग वाहून गेला आणि खालून ‘सिरिल स्टॅनिफर्थ’ वर आला, जसा रविवारी दाढी करून यायचा तसा. साहेबांनी अंगठा फिरवून पाहिला. म्हणाले, ‘तीस तारखेला बघतो. पुन्हा डाग दिसला, तर पितळ.’

तुझी भावजय,
मेव्हिस

ता. क. दर रविवारी पाटीवर साधं पाणी ओत आणि सुती फडक्याने टिपून घे, म्हणजे समुद्राचं मीठ राहणार नाही. तिथे दर आठवड्याला पोचेल असं माझं तुझ्याशिवाय कुणी नाही. घासू नकोस. बाकीचं तो पापुद्रा बघून घेईल.

ता. क. २. पत्र पाकिटात घातलं आणि तिकिटासाठी पिशवी उलटी केली. अस्तरातून तारेचा गुंडा पडला. एप्रिलमध्ये, त्याच्या वाढदिवसाला, तुला न सांगता मी येऊन गेले होते. दोन तास पाटी घासत होते. डाग नव्हताच, मिल्ड्रेड. नुसतीच घासत होते. वर तुझ्या हातांबद्दल लिहिलंय ते तूच खोड. मी खोडलं तर कागद घाण दिसेल. घंटेचं मात्र राहू दे. ते तो खरंच म्हणायचा.